बाळाच्या डायपरचा कचरा कमी कसा करायचा: नागपूरच्या घरांसाठी

बाळ अडीच वर्षांचं होईपर्यंत फक्त फेकायचे डायपर वापरले, तर ५ ते ६ हजार डायपर सहज लागतात. पहिले सहा महिने दिवसाला ९, पुढचे सहा महिने ६-७ आणि त्यानंतर ५-६ धरले की हिशेब तिथेच येतो. भरलेला डायपर साधारण १५० ते २५० ग्रॅमचा असतो. म्हणजे एवढंसं बाळ रोज सव्वा-दीड किलो कचरा करतं, आणि तोही कुठे जिरत नाही असा.

न जिरण्याचं कारण त्याच्या घडणीत आहे. अंगाला लागणारा थर पॉलिप्रॉपिलीनचा, बाहेरचा पॉलिथिनचा, मध्ये लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात मिसळलेली सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची पावडर. लघवी शोषली की या पावडरची जेली होते. असा डायपर खताच्या खड्ड्यात टाकला तर प्लास्टिक तसंच उरतं आणि शीतले जंतू खतात येतात. संडासात टाकला तर फुगून पाइप तुंबवतो. जाळला तर प्लास्टिकचा धूर आपल्याच गल्लीत फिरतो. त्यामुळे तो कचरागाडीतून भांडेवाडीच्या कचरा डेपोत जातो आणि तिथेच पडून राहतो. पाकिटावर हिरवं पान छापलेले महागडे डायपरही याच वाटेने जातात. वरचा थर बांबूचा असला तरी आत बहुधा तीच पावडर आणि तेच लवचीक पट्टे असतात, आणि कचऱ्याच्या ढिगात दबलेल्या वस्तूला कुजायला हवा मिळत नाही. त्यामुळे पान बघून जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

कचरा कमी होतो तो डायपरची संख्या घटल्यावर.

आधी कुठे हात घालायचा

सासूबाईंचा लंगोट आणि सुनेचा डायपर यांच्यात भांडण लावायची गरज नाही. दोन्ही वापरा, फक्त वेळा वाटून घ्या. दिवसा घरी असताना बाळ कापडात, रात्री आणि प्रवासात फेकायचा डायपर. दिवसाला ७ डायपर लागत असतील तर वर्षाचे २,५५५ होतात. रात्रीचा एकच ठेवला तर ३६५. म्हणजे सातांतले सहा भाग कचरा गेला, आणि रात्री दोनदा उठून लंगोट बदलायची शिक्षाही कोणाला झाली नाही. सगळं कापडावरच करायचं असा निश्चय करून बसलेली घरं दुसऱ्या महिन्यात थकतात आणि पुन्हा पूर्ण डायपरवर जातात. त्यापेक्षा ही अर्धीमुर्धी वाट बरी.

डायपरनंतर ओल्या वाइप्स बंद करा. त्यांत बहुतेक वेळा पॉलिस्टरचा धागा असतो, म्हणजे तेही प्लास्टिकच. दर वेळी दोन-तीन वाइप्स लागतात, त्यामुळे वाइप्सचा कचरा मोजायला गेलं तर डायपरच्या संख्येच्या पुढे जातो. हा बदल सगळ्यात सोपा आणि जवळपास फुकट आहे.

पहिले दोन-तीन महिने: लंगोट

नवजात बाळ दिवसभरात १५-२० वेळा थोडी थोडी शू करतं. बाजारातले कापडी पॉकेट डायपर 'एक माप सगळ्यांना' म्हणून विकले जात असले तरी ५ किलोच्या आतल्या बाळाच्या मांड्यांना ते सैल होतात आणि गळतात. या काळात पातळ सुती लंगोटाला तोड नाही. ओला झालेला लगेच कळतो, धुवायला हलका, वाळायला सगळ्यात लवकर.

कापड नवं घ्यायलाच हवं असं नाही. जुनं सुती धोतर, आजीचं लुगडं, पांढरी मऊ साडी ही शंभर वेळा धुतलेली असतात, म्हणून पहिल्या दिवसापासून पाणी शोषतात. साडेचार मीटर लांब आणि १२० सेंमी पन्ह्याचं धोतर असेल तर त्यातून ६० सेंमीचे १४ चौकोन निघतात. कडा दुमडून शिवल्या की ५८ सेंमी उरतात, तेवढे पुरतात. पॉलिस्टर मिसळलेली साडी मात्र नको. ती पाणी शोषत नाही आणि उन्हाळ्यात अंगाला चटका देते. ओळखायची खूण: कडेचा एक धागा जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टरचा वितळून गोळा होतो.

नवं घ्यायचं तर गांधीबाग-इतवारीच्या कापड बाजारात मलमल मीटरवर मिळते. दुकानदाराला 'बाळाच्या लंगोटासाठी, बिनखळीची' असं सांगा. तरीही नवं कापड वापरण्याआधी गरम पाण्यात तीनदा धुवावं लागतं. खळ आणि धाग्यातलं नैसर्गिक तेल निघेपर्यंत त्यावरून पाणी ओघळून जातं.

किती लागतात? रोज धुणार असाल तर २५ ते ३० लंगोट, त्यात घालायला १० सेंमी रुंद आणि ३० सेंमी लांब अशा चारपदरी घड्या १५, आणि खाली अंथरायला ४-५ दुपटी व एक मेणकापड. पावसाळ्यात बाळंतपण असेल तर लंगोट १० जास्तीचे शिवा.

बांधायचं असं: चौकोन कर्णावर दुमडून त्रिकोण करा. लांब कड वर, टोक खाली. बाळ लहान असेल तर लांब कड ६-७ सेंमी आत दुमडा. मध्यभागी चारपदरी घडी ठेवा. बाळाला असं झोपवा की लांब कड त्याच्या कमरेशी येईल. टोक दोन्ही पायांमधून वर पोटावर आणा, मग डावं-उजवं टोक पोटावर आणून एकमेकांत गाठ मारा किंवा कडेला खोचा. दोन बोटं आत सहज जायला हवीत. नाळ पडेपर्यंत पुढची कड बेंबीच्या खाली दुमडून ठेवा, नाळेला ओल लागू देऊ नका. सेफ्टी पिन वापरू नका.

पाच किलोनंतर: कव्हर आणि पॉकेट

बाळ ५ किलोच्या आसपास आलं की शूचं प्रमाण वाढतं आणि लंगोट दर वेळी दुपट्यापर्यंत भिजतो. इथे बाहेरून पाणी न जाऊ देणारं कव्हर कामी येतं. कव्हर ज्या कापडाचं असतं त्याला पीयूएल म्हणतात. पॉलिस्टरच्या कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. हा पापुद्रा टिकला तर कव्हर दोन मुलांना पुरतं, उखडला तर ते फेकायचंच, म्हणून त्याची निगा महत्त्वाची. खाली धुण्याच्या भागात ते येईल.

दोन प्रकार मुख्य आहेत. एक, साधं कव्हर, ज्यात घडी केलेला लंगोट किंवा सुती पॅड ठेवायचा. फक्त शू असेल तर पॅड बदलून तेच कव्हर पुसून दोन-तीन वेळा वापरता येतं. दोन, पॉकेट डायपर, ज्याला आतून खिसा असतो आणि त्यात शोषणारं इन्सर्ट सरकवायचं. हा प्रत्येक वेळी अख्खा धुवावा लागतो. पाळणाघरात किंवा आजोबांच्या हाती द्यायला पॉकेट सोयीचा. घरच्या वापराला मात्र कव्हर आणि घडीच जास्त परवडते: ५-६ कव्हरं आणि २० घड्या एवढ्यात दिवस निघतो. पॉकेटच वापरायचे असतील तर रोजच्या धुण्याला १०-१२ लागतात.

इन्सर्टच्या कापडावर थोडं थांबून विचार करा, कारण पुढची निम्मी डोकेदुखी इथूनच येते. मायक्रोफायबर झटकन शोषतं, पण दाबलं की सोडून देतं. बाळ बसायला लागलं की गळतं. शिवाय ते थेट कातडीला लागू देऊ नये, त्वचा कोरडी पाडतं. बांबूचं इन्सर्ट भरपूर शोषतं पण वाळायला फार वेळ घेतं. मे महिन्यात ते जाणवत नाही, ऑगस्टमध्ये दीड दिवस दोरीवर लटकत राहतं. साधं सुती, उलगडून एकपदरी वाळवता येईल असं कापड नागपूरच्या पावसाळ्याला सगळ्यात योग्य. नवीन सुती किंवा बांबूचं इन्सर्ट तीन ते पाच धुण्यांनंतर पूर्ण शोषायला लागतं. पहिल्याच दिवशी गळलं म्हणून ते वाईट ठरवू नका.

आणि २४ नगांचा संच एकदम मागवू नका. आधी दोन-तीन घ्या, आठवडाभर वापरा, बाळाच्या मांडीला बसतात का बघा. कपाटात पडून राहिलेले कापडी डायपरही कचराच असतो. नात्यातून कोणी वापरलेले देत असेल तर जरूर घ्या. नव्या बाळाला जुनं घालायची आपल्याकडे रीतच आहे. घेताना दोन गोष्टी तपासा: मांडीचं इलॅस्टिक ताणून सोडलं की परत येतं का, आणि कव्हर उजेडासमोर धरलं की पापुद्रा सुटून फुगे किंवा सुरकुत्या दिसतात का. इलॅस्टिक शिंपी बदलून देतो. पापुद्रा गेला असेल तर नको म्हणा.

बदलायची पद्धत

जमिनीवर किंवा पलंगाच्या मध्यभागी मेणकापड, त्यावर दुपटं. उंच टेबलावर बदलायचं असेल तर एक हात कायम बाळावर. सामान आधीच हाताशी घ्या, मग बाळाला उघडा.

वाइप्सच्या जागी २० सेंमीचे सुती चौकोन ३० पुरतात. जुन्या मलमलीचे किंवा फ्लॅनेलचे असले तर कडा शिवायचीही गरज नाही, दातेरी कात्रीने कापले की झालं. छोट्या थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा आणि लागेल तेव्हा चौकोन भिजवा. सकाळीच सगळे भिजवून डब्यात भरून ठेवायची पद्धत थंड देशांत चालते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये संध्याकाळपर्यंत त्या डब्याला आंबूस वास येतो.

१. शी असेल तर लंगोटाच्याच कोरड्या भागाने आधी मोठा भाग पुसून घ्या. इथे दोन चौकोन वाचतात.

२. ओल्या चौकोनाने पुढून मागे पुसा, विशेषतः मुलींना. मुलांची शिश्नाची कातडी मागे ओढायची नसते.

३. जांघेच्या वळ्या उघडून पुसा. लालसरपणा बहुतेक वेळा वळीत राहिलेल्या ओलीने येतो.

४. कोरड्या चौकोनाने टिपा, घासू नका. दोन-तीन मिनिटं उघडं राहू द्या.

५. पावडर लावू नका. तिचे कण श्वासातून आत जातात आणि ओलीत तिचा लगदा वळीत बसतो.

६. मुलगा असेल तर शिश्न खाली वळवून मगच बंद करा, नाहीतर पोटाच्या कडेने गळणारच.

पॉकेट किंवा कव्हर बसवताना इलॅस्टिक मांडीवर नको, जांघेच्या घडीत हवं, जिथे चड्डीची कड येते तिथे. आतलं सुती कापड कुठूनही बाहेर डोकावत असेल तर बोटाने आत सारा. एवढासा कोपरा बाहेर राहिला तरी अर्ध्या तासात सगळी ओल झबल्यात उतरते.

कापड दर दोन-अडीच तासांनी बदला. शी झाली की लगेच.

धुणं

कापडी डायपरचं गणित धुण्यावर ठरतं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये केलेल्या तुलनेत कापडी आणि फेकायचे डायपर हवामानावरच्या परिणामात जवळपास बरोबरीला आले होते, कारण तिथे धुण्याला कडक गरम पाणी आणि काही प्रमाणात वाळवायला विजेचं यंत्र धरलं होतं. दोरीवर वाळवणं, मशीन भरून लावणं आणि तेच डायपर दुसऱ्या बाळाला वापरणं, एवढ्याने कापडाचं पारडं बरंच जड झालं. दोरी आणि ऊन आपल्याकडे आधीपासूनच आहे. उरतं ते पाणी आणि धुण्याची पावडर नीट वापरणं.

शीचा लंगोट आधी संडासात. बाळ फक्त अंगावर पीत असेल तर शी पाण्यात विरघळते. वरचं अन्न सुरू झालं की ती घट्ट होते आणि भांड्यात झटकता येते. संडासातला जेट इथे उत्तम काम करतो. कापड भांड्याच्या आत खाली धरा आणि वरून खाली मारा, उलटं मारलं तर भिंत धुवावी लागेल. हे पाणी मोरीत सोडू नका.

शूचे लंगोट भिजवून ठेवायची जुनी सवय मोडायला हवी. बादलीत दिवसभर पाण्यात पडलेल्या लंगोटांत लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो. ४४ अंशांच्या दुपारी तर दोन-तीन तासांत नाक झोंबतं. त्यापेक्षा थंड पाण्यातून एकदा काढून, पिळून, भोकं असलेल्या टोपल्यात किंवा जाळीच्या पिशवीत कोरडे साठवा. हिवाळ्यात दोन दिवस चालतं. मार्च ते जून रोज धुवा. रात्रीचा कापडी वापरत असाल तर तो सकाळी उठल्यावर आधी खळबळून घ्या, त्यात सगळ्यात तीव्र लघवी असते.

हाताने धुताना:

१. थंड पाण्यात एक बादली खळबळ. आधी गरम पाणी घातलं तर शीचे डाग पक्के बसतात.

२. सुती लंगोट आणि चौकोन ६० अंशांच्या पाण्यात, १५ लिटरला एक मोठा चमचा पावडर घालून अर्धा तास. थर्मामीटर नको: एक भाग उकळतं आणि एक भाग नळाचं पाणी घेतलं की साधारण ६० अंश होतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच इतकं तापलेलं असतं की उकळतं थोडं कमी घ्या. बाळ रांगत असेल तर ही बादली मोरीच्या बाहेर ठेवू नका. लाकडी दांड्याने हलवा.

३. चोळा, मग तीन पाण्यांतून काढा. तिसऱ्या पाण्यात फेस दिसला तर चौथं.

४. पीयूएलची कव्हरं या गरम बादलीत घालू नका. कोमट पाण्यात वेगळी धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा.

मशीनमध्ये: आधी थंड पाण्यात छोटं चक्र निम्म्या पावडरवर, मग बाळाचे इतर सुती कपडे घालून ड्रम दोन-तृतीयांश भरा आणि पूर्ण पावडर घालून मोठं चक्र. सुती कापडाला ६०, कव्हर-पॉकेट असतील तर ४० अंश. ड्रम अर्धा रिकामा असेल तर कपडे एकमेकांवर घासत नाहीत आणि नीट निघत नाहीत. कोंबून भरला तरी तेच. हीटर नसलेल्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये गरम पाणी बाहेरून घाला आणि शेवटी ड्रायरमध्ये दोन-तीन मिनिटं फिरवा. पावसाळ्यात ही दोन मिनिटं अर्ध्या दिवसाचं वाळवणं वाचवतात.

शेवटच्या खळबळीचं पाणी वाया घालवू नका. फरशी पुसायला, संडासात ओतायला ते चालतं. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येत असेल तर या एका सवयीने कापडी डायपरविरुद्धची घरातली निम्मी कुरकुर थांबते.

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारतींत, विशेषतः शहराच्या कडेच्या वस्त्यांत, पाणी जड असतं. नळाच्या तोटीवर पांढरा थर बसत असेल तर तुमचंही पाणी जड आहे असं समजा. साबणाची वडी जड पाण्यात चिकट पांढरा साका तयार करते. तो लंगोटाच्या धाग्यांत बसतो आणि कापड दगडासारखं कडक, मेणचट होतं. अशा पाण्याला वडी बंद करून पावडर किंवा लिक्विड घ्या आणि प्रत्येक धुण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला. खाण्याचा सोडा इथे पुरेसा पडत नाही. सोडा हाताला झोंबतो, हातमोजे घाला.

फॅब्रिक सॉफ्टनर कधीच नको, तो धाग्यावर थर चढवतो आणि शोषण मारतो. जंतुनाशक द्रावणाचं झाकण रोज ओतायची सवय अनेक घरांत आहे. तीही सोडा. बाळाच्या कातडीला त्याची जळजळ होऊ शकते आणि गरम पाणी, पुरेशी पावडर व ऊन एवढ्यात काम होतं. जुलाब असतील तेव्हा सुती कापड वेगळं दहा मिनिटं उकळा.

ऊन, पाऊस, कूलर

सुती लंगोट नागपूरच्या उन्हात भर दुपारी टाका. पिवळे डागही जातात: लंगोट ओला असतानाच डागाची बाजू वर करून टाका, वाळल्यावर पुन्हा शिंपडा. ब्लीचची गरज पडत नाही. कव्हर आणि पॉकेट मात्र सकाळी नऊच्या आत अर्धा तास ऊन दाखवून सावलीत घ्या. मे महिन्यातलं दुपारचं ऊन इलॅस्टिकची ताण घालवतं आणि पापुद्रा तडकवतं. इलॅस्टिकवर ताण येईल असं लटकवू नका, आडवं टाका. सीताबर्डीला खरेदीला गेलात आणि ओली पिशवी बंद गाडीत उन्हात राहिली, तर तेच नुकसान एका दुपारीत होतं.

कूलरच्या खोलीत कपडे वाळत नाहीत. कूलर हवेत पाणीच सोडतो. बाल्कनीत टाका, उन्हाळ्यात अर्ध्या तासात कुरकुरीत होतात.

पावसाळ्यात स्टँडवर एकपदरी, दोन कपड्यांत चार बोटं जागा, वर पंखा. अर्धवट ओले लंगोट इस्त्रीने कोरडे करता येतात. कव्हरला इस्त्री लावू नका. टोपल्याखाली शेगडी किंवा धुरी ठेवून लंगोट शेकायची पद्धत काही घरांत अजून आहे. धूर कापडात बसतो आणि बाळाच्या श्वासाला त्रास देतो, म्हणून ती नको. ज्या आठवड्यात काहीच वाळत नाही, त्या आठवड्यात दिवसा एक-दोन फेकायचे डायपर जास्त वापरा आणि पुढे चला.

बिघडलं तर

नीट बसवूनही गळत असेल तर इन्सर्टवर चमचाभर पाणी ओता. थेंब मण्यांसारखे वर राहिले तर कापडावर थर बसला आहे, बहुधा साबणाचा, खोबरेल तेलाचा किंवा रॅशच्या मलमाचा. सुती कापड ६० अंशांच्या पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा घालून तासभर ठेवा, मग फेस येणं थांबेपर्यंत साध्या पाण्यातून काढा. झिंक ऑक्साइडचं मलम लावायचं असेल त्या दिवसांत आत जुन्या मलमलीची पट्टी ठेवा आणि ती वेगळी धुवा.

दोरीवरून काढताना वास नाही, पण बाळाने शू केल्याबरोबर झोंबतो, असं होत असेल तर पावडर कमी पडते आहे. 'बाळाचे कपडे, कमी पावडर' हा समज इथे उलटा पडतो. वाळलेल्या कापडालाच मातीसारखा वास येत असेल तर ते पुरेसं वाळत नाही.

लालसर पुरळ दोन-तीन दिवसांत उतरलं नाही, वळीत गडद लाल होऊन कडेने बारीक पुटकुळ्या आल्या, किंवा ताप असेल तर डॉक्टरांना दाखवा. हा बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्या काळात सगळं सुती कापड प्रत्येक वेळी ६० अंशांत धुवा, नाहीतर औषध चालू असताना कापडातून तो परत येतो.

जे फेकायचेच आहेत ते

नवजात मापाची मोठी पाकिटं साठवू नका. बाळाचं वजन पाचव्या-सहाव्या महिन्यात जन्माच्या दुप्पट होतं, त्याआधीच पहिलं माप छोटं पडतं. मापांच्या वजनाच्या पट्ट्या एकमेकींवर येतात. गळायला लागलं की वरचं माप घ्या, तोवर खालचंच संपवा. बारशाला कोणी डायपरचं पाकीट देणार असेल तर त्यांना पुढचं माप सांगा.

फेकताना शी संडासात झटकून टाका. मग डायपर पुढून मागे घट्ट गुंडाळा, पँटच्या प्रकाराला मागे चिकटपट्टी असते ती लावा, वर्तमानपत्रात बांधा आणि त्यावर लाल पेनाने ठळक ठिपका काढा, म्हणजे कचरा हाताळणाऱ्याला आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळतं. प्लास्टिकची नवी पिशवी प्रत्येक डायपरला वापरली तर कचरा वाढतोच. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेले डायपर सॅनिटरी कचऱ्यात धरले आणि ते गुंडाळून देण्याची जबाबदारी घरावर टाकली. भाजीच्या सालांत मिसळून दिलेला एक डायपर सगळा ओला कचरा खतासाठी निकामी करतो.

पायांवर धरणं

डायपरची संख्या कमी करायचा सगळ्यात जुना उपाय आजीकडे असतो. मान धरली की, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर, पाय पसरून बसायचं, बाळाला दोन्ही पावलांवर उकिडवं बसवायचं, पाठ नडग्यांना टेकवायची आणि 'शूऽऽ' करायचं. खाली जुना लंगोट किंवा छोटं भांडं. वेळ निवडली तर काम होतं: झोपेतून उठल्याबरोबर, आणि दूध प्यायल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी. दोन-तीन मिनिटांत झालं नाही तर उचला, जबरदस्तीने बसवू नका. सकाळची शी जरी रोज अशी भांड्यात गेली तरी जेट मारायचा, डाग काढायचा सगळ्यात कंटाळवाणा लंगोट दिवसातून एक कमी होतो.

दीड-दोन वर्षांनंतर बाळ दोन तास कोरडं राहायला लागलं की दिवसा कव्हर सोडून जाड सुती चड्डी घाला. मांडीवरून ओघळलेलं त्याला स्वतःला कळतं आणि ते सांगायला शिकतं. ही सुरुवात मार्च-एप्रिलमध्ये करा. दिवसाला आठ-दहा चड्ड्या ओल्या होतात आणि जूनचा पाऊस येण्याआधी त्या तासाभरात वाळून पुन्हा घालता येतात.